एका गिळलेल्या दाढेची कैफियत

मित्रांनो, जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या. माझी गोष्ट ऐकताना मधेच कुणी तोंडाला रुमाल लावून उठलेलं मला चालत नाही. मी जे सोसलं ते तुम्हाला निदान ऐकवलं तरी पाहिजे.

मी एक दाढ आहे, आणि फार म्हणजे फारच जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. तुमच्यासारखं एकही माणूस या जगात नव्हतं, तेव्हा मी चावत होते. आकाराने मी मोहरीच्या दाण्याहून लहान, पण अंगावर तीन टोकं आहेत, टोकांच्या मधे एक खोलगट वाटी आहे आणि वर काळसर, चकचकीत कवच आहे. म्हणजे होतं. त्या कवचाचं पुढे काय झालं, तेच सांगायला आज बसले आहे.

माझा धनी चिचुंद्रीएवढा, लांब नाकाचा आणि कायम ओल्या केसांचा प्राणी होता. त्याच्या जातीतल्या माद्या पिल्लांना दूध पाजायच्या, म्हणून तुम्ही आम्हाला सस्तन म्हणता. तळ्याच्या काठाला त्याचं बीळ होतं. तुम्ही चित्रात पाहता ती तळी स्वच्छ असतात आणि त्यांत कमळं फुलतात. आमचं तळं तसलं नव्हतं. पाणी हिरवट, वर शेवाळाची साय धरलेली आणि तिच्यात मेलेल्या किड्यांचा खच. कासवं त्यातच खायची आणि बाकीचंही त्यातच उरकायची. सुसरी काठावर तोंड वासून पडायच्या आणि त्या तोंडांचा वास थेट आमच्या बिळात यायचा. माझ्या धन्याला याचं काही नव्हतं. तो आनंदाने त्याच पाण्यात डुंबायचा, गोगलगाई पकडायचा आणि कवचासकट माझ्यापुढे टाकायचा. गोगलगाय चावली की तिचा चिकट रस वाटीत भरतो आणि दिवसभर जात नाही. पण दाढेला कोण विचारतो!

एकदा तो पाण्यात उतरला, पाय पाणवेलींत अडकला आणि बुडाला. त्याला कुणी खाल्लं नाही, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. कारण पुढे सगळं रामायण याच गोष्टीवरून घडलं. तो तळाशी गेला, फुगला, वर आला, फुटला आणि पुन्हा तळाशी गेला. माशांनी त्याला टोचलं, अळ्यांनी त्याच्यात संसार थाटले. मी जबड्यात घट्ट बसून हे सगळं पाहत होते आणि मला डोळे मिटून घ्यायची सोय नव्हती. मग पाणी प्यायला आलेल्या एका जड जनावराने जबड्यावर पाय दिला आणि माझी शेजारणींपासून कायमची ताटातूट झाली.

तरीही एका बाबतीत मी नशीबवान होते. आमच्या तळ्याच्या गाळात पडलेले निम्मे दात कुणा ना कुणाच्या पोटातून आलेले होते. सुसरीने प्राणी गिळायचा, मांस पचवायचं आणि दात मागच्या दाराने तळ्यात टाकायचे. पोटातल्या आंबटाने त्या दातांची झळाळी गेलेली असायची, कडा बोथट झालेल्या असायच्या. ते बिचारे माझ्या शेजारीच येऊन पडायचे आणि मी त्यांच्यापासून अंग चोरून घ्यायचे. माझी झळाळी शाबूत होती आणि टोकं धारदार होती. मी कुणाच्या पोटात गेले नव्हते. हा माझा एकच तोरा होता आणि तो मी दगड होईपर्यंत मिरवला.

मग गाळावर गाळ बसला आणि सगळं कडक झालं. त्या काळाबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण दगडात वास येत नाही.

तो सुखाचा काळ संपवला सरांनी. सर म्हणजे जुन्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करणारे एक उंच, हडकुळे गृहस्थ. आवाज मोठा, नाक कायम वाहतं आणि खिशात रुमाल असून शिंकताना तो कधीच हाती न लागणारा. आमचं तळं केव्हाच आटून मातीचा थर झालं होतं. तो थर त्यांनी खणला, पोत्यांत भरला आणि एका इमारतीच्या तळघरात आणून टाकला. तिथे आम्हाला आधी रॉकेलमध्ये भिजवलं. हो, रॉकेलमध्ये! त्याने चिकणमाती सुटी होते म्हणे. मग रॉकेल ओतून टाकलं, पाणी सोडलं आणि एकाखाली एक लावलेल्या बारीक चाळण्यांवर आम्हाला नळीने धुतलं. जे चाळणीवर उरलं ते जुन्या वर्तमानपत्रांवर वाळत घातलं. इतक्या काळानंतर मी पहिल्यांदा उजेड पाहिला आणि अंगाला वास येत होता रॉकेलचा.

त्या वाळलेल्या चुऱ्यातून आम्हाला निवडायचं काम एका बाईकडे होतं. तिला सगळे घारताई म्हणायचे, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. घारताई मायक्रोस्कोपखाली काळा कागद लावलेला लहानसा ट्रे ठेवायची, त्यावर चिमूटभर चुरा पसरायची आणि चार केसांच्या बारीक ब्रशने एकेक तुकडा उचलून बाजूला करायची. माशांचे खवले इकडे, बेडकांची हाडं तिकडे. आमच्यासारखे सस्तनांचे दात इतके क्वचित मिळायचे, की एखादा मिळाला तर सर सगळ्यांना चहा पाजायचे. कोरड्या ब्रशला दात चिकटत नाही. तो ओला करावा लागतो. आणि हे लोक तो ओला कसा करतात, ठाऊक आहे? ओठांत घालून! ब्रश ओठांत घालायचा, जिभेने टोक जुळवायचं, त्याने मेलेल्या सुसरीच्या विष्ठेतला दात उचलायचा, डबीत टाकायचा आणि पुन्हा ब्रश ओठांत. दिवसभर हेच. खोलीच्या दारावर सरांनीच पाटी लावली होती, ‘आत खाणेपिणे मना आहे’, आणि पाटीखालच्या टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं उमटलेली होती.

घारताईने मला पाहिलं तेव्हा तिचा हात थांबला. तिने मायक्रोस्कोपचं चाक हळूच फिरवलं आणि पुटपुटली, “अगंबाई! तू गं कोण?”

इतक्या काळात मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी विरघळले, हे कबूल करते.

तिने सरांना हाक मारली. सर धावत आले, माझ्यावर वाकले आणि त्यांना शिंक आली. घारताईने चपळाईने ट्रेवर हात धरला म्हणून मी वाचले. तिच्या हाताची काय दशा झाली ते सांगत नाही.

“घारताई, ही आपल्याकडे कधी नव्हतीच!” सर ओरडले. “कुणाकडेच नव्हती! तीन टोकं बघा. आणि ही झळाळी बघा! ही कुणाच्या पोटातून आलेली नाही. हा प्राणी इथेच तळ्याकाठी राहिला आणि इथेच मेला. मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय?”

सर हे इतकी वर्षं सांगत होते आणि एक बाई ते इतकी वर्षं खोडून काढत होत्या. त्या बाई म्हणजे सरांच्याही गुरू. सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणायचे. अशा तळ्यांच्या गाळातले दात कसे शोधायचे, हे त्यांनीच लोकांना शिकवलं होतं. ब्रश ओठांत धरायची सवयसुद्धा त्यांचीच. ती सरांनी उचलली आणि सरांची घारताईने. थोरल्या बाईंचं म्हणणं असं, की तळ्याकाठी असले सस्तन राहतच नव्हते. ते दूर कुठे रानात राहायचे, शिकारी त्यांना खायचे आणि इथे येऊन दात टाकायचे. तरुणपणी त्यांनी स्वतः याच थरातली कितीतरी पोती चाळली होती आणि पोटात न गेलेला सस्तनाचा एकही दात त्यांना मिळाला नव्हता. आता मी मिळाले होते. सरांनी पेन्सिलीने माझं चित्र काढलं, कारण त्यांचं फोटो काढायचं यंत्र बिघडलेलं होतं, आणि थोरल्या बाईंना फोन लावला.

थोड्या वेळाने घारताई मला ट्रेवरून काचेच्या कुपीत ठेवायला निघाली. ब्रश ओठांत घालून ओला केला, मला अलगद टोकावर उचललं आणि कुपी पुढे ओढली. तेवढ्यात सर दारातून गरजले, “घारताई! परवा येतायत! थोरल्या बाई स्वतः येतायत!”

ती दचकली. दचकल्यावर माणूस सवयीचं तेच करतो. तिने ब्रश ओठांत घातला, जिभेने टोक जुळवलं आणि बाजूचा चहाचा कप उचलून एक मोठा घोट घेतला.

मित्रांनो, मी गेले.

आतलं वर्णन करायचं नाही असं ठरवून आले होते, पण आता राहवत नाही. आधी कोमट, गोड, दुधाळ चहाचा लोंढा. मग एक लांब, चिकट, आवळती नळी. मग एक पिशवी, आणि त्या पिशवीत अर्धवट चावलेला पाव, उकडलेल्या अंड्याचा लगदा आणि आंबट, चरचरणारं पाणी. पिशवी सारखी पिळायची आणि सोडायची, पिळायची आणि सोडायची. ज्या दातांपासून मी अंग चोरायचे, त्यांच्या पंगतीला आता मीही बसले होते. माझ्या दोन टोकांवर ते आंबट चरचरलं आणि मला कळून चुकलं, की माझी झळाळी चालली. सुसरीच्या तावडीतून सुटले आणि बाईच्या चहात सापडले. किळस, शिसारी, मळमळ, जे काही शब्द तुमच्याकडे असतील ते सगळे मला लागू करा.

बाहेर घारताईने आधी ट्रे पाहिला, मग कुपी, मग जमीन, मग स्वतःचा पदर झटकला. मग तिची नजर कपावर गेली आणि तिला सगळं उमगलं. तिच्याआधी इथे निवडायला असलेल्या एका मुलीच्या हातून माशाचा एक मणका हरवला होता, तर सरांनी तिला मायक्रोस्कोपपुढून उठवून पोती धुवायला लावलं होतं. ती आठवड्याच्या आत काम सोडून गेली. घारताईला पोती धुण्याची लाज नव्हती. पण त्या भिंगातून पाहायला लागल्यापासून तिला दुसरं काही नको झालं होतं. भाजी निवडतानासुद्धा ती खवले आणि मणके शोधायची. तिथून उठावं लागलं तर आपलं काय होईल, या विचाराने तिच्या पोटात गोळा आला. हे मी खात्रीने सांगते, कारण त्या गोळ्याच्या शेजारीच मी होते.

“ठेवलीत ना नीट?” सरांनी संध्याकाळी विचारलं.

“ठेवली, सर.”

“बघा हं. जपा तिला.”

“माझ्याजवळच आहे, सर,” घारताई म्हणाली. ते खोटं नव्हतं म्हणा.

घारताईचा नवरा फिरतीच्या नोकरीवर होता. घरी ती आणि तिची सासू, दोघीच. घारताईने त्या संध्याकाळपासून केळ्यांचा सपाटा लावला. सासूने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि काही न बोलता उरलेली केळी फळीवर उंच ठेवून दिली. पहिल्या सकाळी मी निघाले नाही. माझा काही अडून बसायचा विचार नव्हता, पण तिथली वाट माझ्या हातात नव्हती. दुसऱ्या सकाळी, म्हणजे थोरल्या बाई यायच्या त्याच दिवशी, घारताई मोठी बादली आणि बारीक जाळीची चाळणी घेऊन न्हाणीघरात शिरली आणि तिने आतून कडी लावली.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली.

“अगं, माझी पिठाची चाळणी बघितलीस का?”

आत पाण्याचा आवाज थांबला.

“आई, ती माझ्याकडे आहे.”

“न्हाणीघरात?”

“आई, नवी आणून देते.”

सासूने दार ढकलून पाहिलं. मग सासूचा आवाज आला, बारीक आणि घाबरलेला. “काय करतेस गं आत?”

आणि मग घारताईला रडूच कोसळलं. दाराच्या आतून तिने सगळं सांगितलं. ब्रश, चहा, सर, थोरल्या बाई, सगळं.

“दात गिळलास?” सासू म्हणाली. “कुणाचा?”

“एका प्राण्याचा. मेलेल्या.”

“शी, शी, शी!”

“आई, फार जुना आहे. दगड झालाय त्याचा.”

“मग दगड गिळतं का कुणी? आणि माझ्या चाळणीत! शी गं बाई!” सासू चार पावलं लांब गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी दाराजवळ येऊन म्हणाली, “कडी काढ.”

“नको, आई. घाण आहे.”

“काढ म्हणते ना! तुझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात सगळं मीच केलं, दुसरं कोण होतं? आणि त्यातनं काही मिळणारही नव्हतं. पाणी मी ओतते, तू बघ. मला काही तेवढं बारीक दिसायचं नाही.”

सासूने पदर नाकाला लावला, तोंड भिंतीकडे वळवलं आणि तांब्याने बारीक धार सोडली. घारताई चाळणी हलवत राहिली. तळघरात जशी हलवायची तशीच, गोल आणि सावकाश. मी एका केळ्याच्या शिरेखाली अडकले होते. त्याही अवस्थेत तिच्या नजरेतून मी सुटले नाही.

“मिळाली,” ती म्हणाली.

“देवा!” सासू म्हणाली आणि तांब्या टाकून बाहेर पळाली. तिला ओकारी झाल्याचा आवाज आला. बिचारीने तोपर्यंत कळ काढली होती.

मग मला साबणाने धुतलं. उकळत्या पाण्याने धुतलं, पुन्हा साबणाने धुतलं आणि कोऱ्या टूथब्रशने घासलं. टूथब्रशचा तो उपयोग मला तरी योग्य वाटला. चाळणी कचऱ्यात गेली. घारताई मला घेऊन तळघरात आली, सर यायच्या आत मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहून तिचा चेहरा पडला. दोन टोकांवरची झळाळी गेली होती आणि त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या. तिने मला कुपीत ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुपारी थोरल्या बाई आल्या. पांढरे केस, हातात काठी, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. सरांनी त्यांच्यासाठी रुमालाने खुर्ची पुसली आणि त्याच रुमालाने नाक पुसलं. बाई मायक्रोस्कोपपुढे बसल्या, ब्रश उचलला आणि ओठांत घालून ओला केला. मग त्याने मला उलटं केलं. ब्रश पुन्हा ओठांत. मला सुलटं केलं, ब्रश पुन्हा ओठांत. मागे उभी असलेली घारताई दरवेळी डोळे मिटून घेत होती आणि मी, जी आदल्या दोन दिवसांत कुठे कुठे होते, ती त्या ब्रशखाली अंग आक्रसून पडले होते.

“नवी जात आहे,” थोरल्या बाई म्हणाल्या. “याबद्दल तुमचं अभिनंदन. पण ही पोटातून आलेली आहे.”

“शक्यच नाही, मॅडम!” सर म्हणाले. “मी पाहिली तेव्हा टोकन्‌ टोक चकाकत होतं.”

“या दोन टोकांकडे पहा. आंबटाने खाल्लेली आहेत. तुम्हाला जे पाहायचं होतं ते तुम्ही पाहिलंत.”

सर भिंगावर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. वर पाहिलं तेव्हा त्यांचा तो मोठा आवाज पार गेला होता.

“हो, दिसतंय खरं,” ते म्हणाले. “मग माझ्याच डोळ्यांना झालंय काहीतरी. मला शपथेवर सांगता आलं असतं, मॅडम. इतकी वर्षं मी असंच बघत आलो असेन का?”

एवढं ऐकून घारताईला गप्प राहणं जमलं नाही.

“सर, तुमचे डोळे चांगले आहेत,” ती म्हणाली. “मॅडम, ती पोटातून आलीय हे खरं आहे. पण सुसरीच्या नाही. माझ्या.”

कुणाला काही कळेना. थोरल्या बाईंनी मान वळवली. ब्रश त्यांच्या ओठांत होता.

“परवा चहाबरोबर गिळली मी. ब्रश तोंडात घालताना. आज सकाळी सापडली. मी साबणाने धुतलीय, उकळत्या पाण्याने धुतलीय, पण तरी मॅडम, तो ब्रश तेवढा बाहेर काढा.”

थोरल्या बाईंनी ब्रश बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. सर काहीतरी बोलायला गेले, मग त्यांच्या सगळं लक्षात आलं आणि ते कोपऱ्यातल्या बेसिनकडे धावले. तिथून जे आवाज आले ते मला आता पाठ झाले होते.

“कशी शोधलीस?” बाईंनी विचारलं.

“चाळणीने. इथे चाळतो तशीच.”

“एकटीने?”

“सासूबाईंनी पाणी ओतलं.”

घारताई मान खाली घालून उभी राहिली. आता आपल्याला उठवणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. पण थोरल्या बाई तिच्याकडे रागाने पाहत नव्हत्या. त्यांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

“मी दोन गिळल्या,” त्या म्हणाल्या.

सर तोंड पुसत बेसिनपासून वळले.

“तरुण होते तेव्हा. याच थरातल्या होत्या. पहिली काय होती ते आठवत नाही. दुसरी मात्र आठवते. अशीच काळी, चकचकीत होती. टोकं मोजत होते, तीन मोजली, आणि ब्रश तोंडात गेला. सांगताना सांगितलं की हरवल्या.”

“आणि शोधल्या नाहीत?” घारताईने विचारलं. बाईंचा मान ठेवायचं तिला त्या क्षणी सुचलंच नाही.

“नाही.”

“का?”

“किळस आली,” थोरल्या बाई म्हणाल्या. “आणि मग पुढे सगळ्यांना सांगत राहिले, की असली दाढ या थरात नाहीच. काही वर्षांनी माझाही त्यावर विश्वास बसला.”

सर येऊन स्टुलावर बसले. मग बाईच म्हणाल्या, की ही दाढ आता कुणाच्याच बाजूने साक्ष देऊ शकत नाही. तिच्यावरचा आंबटाचा डाग दोन दिवसांपूर्वीचाच आहे, हे आपण चौघं मानू, जग मानणार नाही. सरांना दुसरी शोधावी लागेल.

“शोधू,” सर म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता. मग ते घारताईकडे वळले. “ताई, तुम्ही ते टेबल सोडू नका. अजून पुष्कळ पोती आहेत. फक्त, तेवढं पाणी वाटीत घेत चला.”

बाईंनी ‘चौघं’ म्हटलं तेव्हा त्यांनी मला मोजलं की घारताईच्या सासूला, हे मला ठाऊक नाही. दोन्ही चालेल.

तर मित्रांनो, आता मी एका कपाटात, कापसावर, काचेच्या कुपीत असते. माझ्यापाशी आता तोरा मिरवण्यासारखं काही उरलेलं नाही. माणसं काच पुसतात, वाकून बघतात आणि पुढे जातात. घारताई वाटीत ब्रश बुडवते आणि रोज नव्या पोत्यातला चुरा पसरते. मला वाटलं होतं, की माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी किळस त्या आंबट पिशवीतली. ती नव्हे. साबणाने धुतलं की ती गेली. जिची घाण अजून माझ्या अंगावरून जात नाही, ती एका शहाण्या, शिकलेल्या बाईने नाक मुरडून मिटून घेतलेल्या तोंडाची.

म्हणून माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आमची काळजी घ्या, ब्रश तोंडात घालू नका, चहा दुसऱ्या खोलीत प्या. हे सगळं कराच. पण तरीही कधी हातून चूक झाली आणि एखादी जपण्याजोगी गोष्ट घाणीत पडली, तर ‘हरवली’ म्हणू नका. नाकाला पदर लावा, तोंड भिंतीकडे करा, ओकारी आली तर येऊ द्या, पण हात घाला. माझी एक बहीण होती, मित्रांनो. तिला तीन टोकं होती आणि तिची झळाळी शाबूत होती. एका माणसाला एका सकाळी किळस आली, आणि ती कधी नव्हतीच असं झालं.